संवाद ऐकू येईल असा रिसीव्हर

श्रीगोंद्यात ‘डॉल्बी’ म्हटलं की वरातीपुढची स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. ज्या रे डॉल्बी यांच्या आडनावावरून हा शब्द आला, त्यांनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी. घरच्या हॉलसाठी रिसीव्हर घेताना हाच मूळ हेतू धरून चालावं. आजीला टीव्हीजवळ सरकून न बसता प्रत्येक वाक्य कळलं पाहिजे. दणका त्यानंतर.

रिसीव्हर म्हणजे टीव्हीतून आलेला आवाज उलगडून पाच स्पीकर आणि एका सबवूफरला वाटून देणारं यंत्र. ५.१ मधला शेवटचा १ फक्त १२० हर्ट्झपर्यंतच्या खोल आवाजाचा. आपल्याकडच्या बारा बाय सोळाच्या हॉलला ५.१ भरपूर होतं. छतातून आवाज काढणाऱ्या ७.१च्या वरच्या मॉडेलांकडे बघूच नका.

दुकानाआधी हॉल तपासा. मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. स्लॅब, फरशी आणि गिलावा यांमध्ये ती झणझणत राहिली, तर संवादही तसेच गढूळ होणार, मग रिसीव्हर कितीही महाग असो. खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि दिवाणामागच्या भिंतीवर घोंगडी लावा. लोकर वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषते. पुन्हा टाळी वाजवा. इतका मोठा फरक इतक्या कमी पैशांत दुसऱ्या कशाने पडत नाही.

मग टीव्हीची मागची बाजू बघा. एखाद्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलेलं असेल, तर टीव्हीतल्याच ॲपचा आवाज त्या एका केबलने रिसीव्हरकडे जाईल. नसेल तर ऑप्टिकल खाच शोधा. तिच्यातूनही डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज जातो. चित्र टीव्हीतच तयार होत असेल तर रिसीव्हरमध्ये ८के वगैरे असण्याची गरज नाही. ते पैसे स्पीकरला लावा.

आता वीज. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून वहीत लिहा. मीटर नसेल तर वायरमनला सांगा. आकडा २३०च्या फार खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने जुना रिसीव्हर देऊ केला तर मागची पट्टी वाचा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर तो आपल्या बोर्डाला थेट लावल्याबरोबर जळतो. आमच्या ओळखीच्या एका घरात असा चांगला सेट पहिल्याच संध्याकाळी गेला, ते मला अजून लागतं.

पैशांची वाटणी मी अशी करतो. शंभरातले पस्तीस रिसीव्हरला, तीस पुढच्या तीन स्पीकरना, पंधरा सबवूफरला, दहा मागच्या दोघांना आणि दहा वायर-स्टॅबिलायझरला. पुढच्या तिघांत मधल्याला हात आखडू नका. चित्रपटातला बहुतेक संवाद त्याच एका स्पीकरमधून येतो.

वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असेल तर तो आकडा वाचून सोडून द्या. खरा आकडा ‘प्रति चॅनल, अमुक ओहमला, दोन चॅनल चालू असताना’ असा लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ला तो ६ ओहमवर ७० वॅट असा दिला आहे. एवढ्याने भागतं का? साधा स्पीकर १ वॅटवर एका मीटरला साधारण ८७ डेसिबल देतो. दहा फुटांवर बसलं तरी रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात. उरलेली ताकद क्षणभराच्या धमाक्यासाठी. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणून ७०च्या जागी १०० वॅटला जास्त पैसे मोजणं मला पटत नाही. त्याऐवजी खोलीप्रमाणे स्पीकर आपोआप जुळवून देणारा मोजणीचा माइक सोबत मिळतो का ते विचारा. आरएक्स-व्ही३८५बरोबर तो येतो, याच किमतीच्या पट्ट्यातल्या काहींबरोबर येत नाही.

खरेदीला नगरला जा किंवा पुण्यात तापकीर गल्लीपर्यंत जा, पण आपला चित्रपट सोबत न्या. दुकानदार धमाक्याचा प्रसंग लावील. त्याला संवादाचा प्रसंग लावायला सांगा आणि आवाज कमी करत न्या. कमी आवाजातही शब्द सुटे राहिले तर तो सेट चांगला. मी ‘सैराट’ नेतो. करमाळा परिसरात चित्रित झालेल्या त्या चित्रपटातली बोली आपल्या कानाची आहे, त्यामुळे एखादं अक्षर गिळलं गेलं की लगेच कळतं. शिवाय अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ती व्हायोलिनं चिरकतात का तेही बघता येतं. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी घेतल्याशिवाय निघू नका.

घरी आल्यावर रिसीव्हर शोकेसच्या काचेआड कोंडू नका. आपल्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर फूटभर मोकळी जागा हवीच. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवून त्याचं तोंड किंचित वर करा. मागचे दोन बसणाऱ्याच्या कानांच्या जरा मागे, कानांपेक्षा फूटभर वर. दिवाण भिंतीला टेकलेला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर लावा. वायर दहा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची चालते. लाल-काळं टोक कुठेही उलटू देऊ नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. हे राहून गेलं की बहुतेक टीव्ही दोनच चॅनल पाठवतात आणि लोक रिसीव्हरला दोष देतात.

माइक कानांच्या उंचीवर ठेवून, पंखा बंद करून मोजणी चालवा. माइक नसेल तर प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा, चाचणीचा आवाज फोनवरच्या डेसिबल ॲपने सगळीकडे सारखा करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरला जातो ती मर्यादा, ८० हर्ट्झवर ठेवा. वळवाचं आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच रिसीव्हरची पिन आणि डिशची केबल दोन्ही काढायची आणि गडगडाट सुरू झाल्यावर त्यांना हात लावायचा नाही, हे घरातल्या लहानग्यांनाही शिकवा.

शेवटी रात्री, गल्ली शांत झाल्यावर, ‘सैराट’चा शेवट लावा. तिथे आवाज पूर्ण थांबतो. त्या शांततेत स्पीकरमधून घूं ऐकू आली तर सेट-टॉप बॉक्सची डिशची केबल काढून बघा. घूं थांबली, तर दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.