स्थळ मॅडिसनचं, नोंद डॉजव्हिलची

प्रश्न : माझ्या भाचीला अमेरिकेतलं एक स्थळ सांगून आलं आहे. मुलगा विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला संगणक अभियंता आहे. घरचे लोक चांगले, पत्रिकाही जुळते. पण मध्यस्थांच्या ओळखीतल्या एकाकडून कुजबुज कानावर आली, की तीन-चार वर्षांपूर्वी या मुलाला 'आयोवा काउंटी' नावाच्या कुठल्याशा खेडवळ भागात दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं होतं. मी एका वेबसाइटवर वीस डॉलर भरून चौकशी केली. 'क्रिमिनल रेकॉर्ड नाही' असं उत्तर आलं. त्यावर समाधान मानावं का? की साताऱ्यात बसून खरी नोंद बघता येते?
– एक मामा, सातारा

उत्तर : मामा, वीस डॉलर वाया गेले, पण त्या वेबसाइटने तुम्हाला फसवलं असं म्हणता येणार नाही. मुलगा पकडला गेला असेल, दारूचं प्रमाण सिद्ध झालं असेल, दंड भरून झाला असेल, लायसन्ससुद्धा काही महिने गेलं असेल. आणि तरीही 'क्रिमिनल रेकॉर्ड नाही' हे वाक्य अक्षरशः खरं असेल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दारू पिऊन गाडी चालवणं हा पहिल्यांदाही गुन्हाच आहे. विस्कॉन्सिनमध्ये मात्र पहिली वेळ असेल, गाडीत सोळा वर्षांखालचं मूल नसेल आणि कुणाला इजा झाली नसेल, तर तो दिवाणी स्वरूपाचा दंड. रक्कम १५० ते ३०० डॉलर, वर निरनिराळे अधिभार धरून आठशेच्या पुढे, आणि सहा ते नऊ महिने लायसन्स रद्द. तुरुंग नाही. दुसऱ्या वेळेपासून तो गुन्हा होतो आणि चौथ्या वेळी गंभीर गुन्हा. मिलवॉकीच्या बिअरवर वाढलेलं राज्य आहे हे, पहिला घोट माफ करण्याची त्यांची पद्धत समजण्यासारखी आहे, पटण्यासारखी नसली तरी.

आपल्याकडे उलट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं की पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तिकडची मर्यादा ८० मिलिग्रॅमची. म्हणजे साताऱ्यात ज्याला आपण आरोपी म्हणू, तो तिकडे कदाचित मर्यादेतच असेल, आणि मर्यादा ओलांडली असली तरी नुसता दंड भरणारा वाहनचालक.

आता 'आयोवा काउंटी'. कुजबुज करणाऱ्याला आधी विचारा, कुठली? आयोवा नावाचं वेगळं राज्य आहे, विस्कॉन्सिनला लागूनच, मिसिसिपी नदीच्या पलीकडे. त्या आयोवा राज्यात आयोवा नावाची एक काउंटी आहे, तिचं मुख्य ठिकाण मरेंगो. आणि विस्कॉन्सिनमध्येही आयोवा काउंटी आहे, तिचं मुख्य ठिकाण डॉजव्हिल. मुलगा मॅडिसनचा, म्हणून डॉजव्हिलचीच शक्यता जास्त. मॅडिसनहून पश्चिमेला नदीपलीकडच्या डब्यूककडे निघालेला रस्ता तिथूनच जातो. पण तो शनिवारी रात्री नदी ओलांडून परतत असेल आणि पलीकडच्या काठावरच अडवला गेला असेल, तर सगळाच हिशेब बदलतो. आयोवा राज्यात पहिली वेळसुद्धा फौजदारी गुन्हा आहे. तीच बिअर, तीच गाडी; मधे फक्त एक पूल.

डॉजव्हिलचं कोर्ट बघण्यासारखं आहे म्हणतात. १८५९ साली बांधलेली चुनखडी दगडाची इमारत, विस्कॉन्सिनमध्ये अजून वापरात असलेलं सगळ्यात जुनं काउंटी कोर्ट. सगळ्या काउंटीची लोकसंख्या जेमतेम चोवीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजारपेठेचं गाव. अशा ठिकाणची नोंद शोधायला तिथल्या कुणाची ओळख लागेल असं तुम्हाला वाटत असणार. लागत नाही. विस्कॉन्सिनच्या बहात्तरही काउंट्यांच्या सर्किट कोर्टांचे खटले एकाच सरकारी संकेतस्थळावर आहेत. वकील मंडळी त्याला 'सी-कॅप' म्हणतात. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, साताऱ्यातूनही उघडतं. आडनाव आणि नाव टाकायचं, काउंटी निवडायची नाही, पूर्ण राज्यात शोधायचं. शेजारच्या डेन, ग्रँट किंवा लाफयेट काउंटीत पकडला असेल तर कुजबुज करणाऱ्याला तरी त्या हद्दी कुठे माहीत असणार!

नावाची मात्र भानगड होते. आपली मधली नावं वडिलांची, तिकडे ती कधी गळतात, कधी नावालाच चिकटतात. क्षीरसागरांचं आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतं. पासपोर्टवर आहे तसं टाका, मग एखादं अक्षर बदलून टाका. आणि सापडलेला माणूस तोच का, हे जन्माचा महिना आणि साल जुळवून बघा. पूर्ण जन्मतारीख तिथे दाखवत नाहीत. आपल्याकडच्या नावांची पुनरावृत्ती बघता एवढी खात्री केल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. दुसऱ्याच कुणाची दारू तुमच्या होणाऱ्या जावयाच्या माथी येईल.

नोंद सापडली की खरं काम सुरू होतं. खटल्याच्या क्रमांकात सालानंतर दोन अक्षरं असतात. 'टीआर' असेल तर रहदारीचा दंड, 'सीटी' असेल तर रहदारीचा फौजदारी गुन्हा, 'सीएफ' म्हणजे गंभीर गुन्हा. सिनेमात ऐकलेला 'डीयूआय' शब्द शोधू नका. विस्कॉन्सिन 'ओडब्ल्यूआय' म्हणतं, टेक्सासात 'डीडब्ल्यूआय', ओहायोत 'ओव्हीआय'. प्रत्येक राज्याचा आपला हट्ट.

आणि एकाच रात्रीच्या दोन नोंदी दिसल्या तर दचकू नका. एक तक्रार नशेत गाडी चालवल्याची, दुसरी रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्य असल्याची. पहिलीची पावती त्याच रात्री रस्त्यावर फाडली जाते. रक्ताचा नमुना मॅडिसनच्या सरकारी प्रयोगशाळेत जातो, अहवालाला काही आठवडे लागतात, मग दुसरी येते. दोन्ही सिद्ध झाल्या तरी शिक्षा एकच, म्हणून एक बहुतेक वेळा रद्द होते. नातेवाईक नेमकी तीच रद्द झालेली उघडून दाखवतात आणि म्हणतात, बघा, सुटला. दोन्ही उघडा. निकालाच्या रकान्यात 'गिल्टी' किंवा 'नो कॉन्टेस्ट' आहे का ते बघा. 'नो कॉन्टेस्ट' म्हणजे आरोप मान्यही नाही आणि लढायचंही नाही. निकाल मात्र दोषी ठरल्यासारखाच लागतो.

काहीच सापडलं नाही तर? त्यावरून मुलगा धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. एक, काही शहरांची आणि गावांची स्वतःची नगर न्यायालयं आहेत, पहिल्या वेळेचा दंड तिथेही चालतो, आणि त्या न्यायालयांचे खटले सी-कॅपवर नसतात. दोन, रहदारी दंडाच्या फायली काही वर्षांनी निकालात काढतात. तीन, नदीपलीकडची गोष्ट असेल तर आयोवा राज्याचं वेगळं संकेतस्थळ बघावं लागतं. तिथे कोर्ट काही वेळा निकाल राखून ठेवतं, आणि अटी नीट पाळल्या तर नोंद पुसली जाते.

पोलिसांकडचे कागद हा निराळा मामला. गावाबाहेरच्या रस्त्यावर अडवणारा बहुधा शेरीफचा माणूस असतो. शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, आणि तो मतदानाने निवडून येतो. कोर्टाचा मुख्य लिपिकही निवडूनच येतो. आपल्या कोर्टातल्या नक्कल विभागाचा साहेब निवडणुकीला उभा राहिलाय अशी कल्पना करून बघा! विस्कॉन्सिनच्या खुल्या नोंदींच्या कायद्याप्रमाणे शेरीफकडे कुणीही अर्ज करू शकतो. नाव सांगायची सक्ती नाही, कारण विचारायचं नाही, तुम्ही अमेरिकन असायलाही हवं असं नाही. आपला माहिती अधिकार फक्त नागरिकांना आहे, हे इथे आठवतं. कोर्टातल्या नकलेला पानामागे सव्वा डॉलर पडतो.

शेरीफकडच्या अर्जावर पोलिसाचा अहवालही मिळू शकेल. गाडी कशी हेलपाटत होती, मुलगा पोलिसाशी कसा बोलला, सरळ रेषेवर चालता आलं का, असं सगळं त्यात असतं. मी तुमच्या जागी असतो तर तो मागवला नसता. निकाल कळणं हा भाचीचा हक्क आहे. त्या रात्रीचा तपशील चार मावश्यांनी चहाबरोबर वाचावा, एवढा नाही.

एका गोष्टीकडे मात्र जरूर लक्ष द्या, कारण ती संसाराला थेट भिडते. मुलगा एच-वन-बी व्हिसावर असेल, तर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिकन परराष्ट्र खातं त्याचा पासपोर्टावरचा व्हिसा रद्द करू शकतं. दोष सिद्ध व्हायची वाट बघत नाहीत. पाच वर्षांच्या आतली अटक यात धरतात. तिथे राहायला त्याने लगेच अडत नाही, पण भारतात आला की नवा व्हिसा आणि बहुधा वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय परत जाता येत नाही. तीन वर्षांत मुलगा एकदाही घरी आला नसेल, लग्नही तिकडेच करूया म्हणत असेल, तर कारण रजेचं आहे की याचं, ते विचारा.

आणि विचाराच. तेही भाचीने, मध्यस्थाने नव्हे. विस्कॉन्सिनच्या वाहन खात्याकडे प्रत्येक चालकाचा उतारा असतो. नगर न्यायालयातला निकालही त्यात येतो, आणि दारूची नोंद त्यातून लवकर पुसली जात नाही. स्वतःचा उतारा मुलाला थोडक्या डॉलरांत मिळतो. त्याने तो आपणहून पाठवला तर सी-कॅप उघडायचीही गरज नाही. टाळाटाळ केली तर डॉजव्हिलच्या लिपिकाला फोन लावा. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा साताऱ्यात उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ होतात, रात्रीचे. खटल्याचा क्रमांक हाताशी ठेवा, तोच पहिल्यांदा विचारतील.