दुधाचे दात

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीला आई शेतावर गेली की तान्ह्या बाळाला पुष्कळदा थोरली बहीण सांभाळते. बाळ रडू लागले की साखर घातलेल्या दुधाची बाटली त्याच्या तोंडी देऊन ती त्याला निजविते. बाळ निजते, तोंडातील जंतू मात्र त्या साखरेचे आम्ल करून दात पोखरीत राहतात. ‘दुधाचेच दात, पडायचेच ते!’ असे घरची माणसे म्हणतात. परंतु हे 20 दात पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. दुधाची दाढ किडून अकाली गेली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात व मागाहून येणारा दात वाकडा येतो. म्हणून तान्ह्याच्या हिरड्या स्वच्छ ओल्या फडक्याने पुसाव्यात. पहिला दात दिसताच मऊ ब्रश व तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट वापरावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक दाढ येते. तीही दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते; ती मात्र जन्मभराची असते.