कुत्रे चावले तर लपवू नका

सांजची वेळ होती. आजी चुलीपाशी भाकरी थापीत होती. नातू दाराआड उभा. आत काही येईना.

"का रं, आत का येत न्हाईस?"

"काही नाही गं आजी."

त्याच्या पोटरीला फडके गुंडाळलेले होते. आजीने सोडून पाहिले. दातांच्या दोन खुणा! रक्त थोडेसेच आले होते.

"पिल्लाला हात लावायला गेलो, तर कुत्री धावली. बाबा मारतील म्हणून बोललो नाही."

आजीने तिखटाचा डबा काढला. तिखट भरले की विष उतरते, असे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तेवढ्यात सून आली.

"आत्याबाई, थांबा. तिखट नको, चुना नको, हळदबी नको. जखम चिघळते, विष काही उतरत नाही."

तिने कपड्याचा साबण घेतला. वरून पाण्याची धार धरली आणि जखम १५ मिनिटे धुतली. १५ मिनिटे म्हणजे किती? चार-पाच भाकऱ्या थापून भाजून होतात, तेवढा वेळ. दोन तांबे ओतले, झाले, असे नव्हे. जखमेवर पट्टी आवळली नाही.

पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. जखमेतून शिरून ते मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. बहुधा काही आठवडे लागतात, कधी महिनेही. तेवढीच आपल्याला सवड. जखम तोंडावर किंवा हातावर असेल, तर सवड आणखी कमी. एकदा रोगाची लक्षणे दिसली, पाण्याचा घोट घेववेना, की माणूस बहुधा वाचतच नाही. जखम भरून आली म्हणून निर्धास्त राहू नये ते यासाठीच. मांजर, माकड, कोल्हा चावला तरी हेच करावे.

बापाने हकिगत ऐकली. तो मारायला उठला नाही, गाडी काढायला उठला.

"पोटात १४ सुया देतील का हो?" आजीने दवाखान्यात विचारले. डॉक्टर हसले. ती रीत केव्हाच गेली. आता लस दंडात टोचतात. रक्त आले होते, म्हणून जखमेभोवती वेगळे औषधही टोचले. डॉक्टर म्हणाले, "१८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला याच रोगावरची लस टोचवली. तो पोरगा जगला."

पहिल्या सुईनंतर ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी यायचे, असे कार्डावर लिहून दिले. काही दवाखान्यांत १४व्या दिवशीही बोलावतात. आपल्या कार्डावर असतील त्या तारखा पाळाव्या. मधली एकही चुकवू नये.

इकडे गावात चार जण काठ्या घेऊन निघाले होते. सुनेने त्यांना अडवले. कुत्री मेली तर ती पिसाळली होती की नाही, हे कळणार कसे? १० दिवस तिच्यावर लांबून नजर ठेवली. ती धड राहिली. पण त्या १० दिवसांसाठी पोराची सुई कुणी थांबवली नाही. पुढे पंचायतीने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून गावच्या कुत्र्यांना लस टोचून घेतली. ती दरसाल टोचावी लागते.

कार्ड खुंटीला अडकवले होते. शेवटची तारीख आजीने स्वतः वाचली आणि सकाळीच नातवाला उठवले.