शिधापत्रिका कुठे आहे?

२०१६ सालची गोष्ट. लिंबायत भागातील एक माता चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीचे वजन साडेसहा किलो. पती यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत कामाला, मूळ गाव धुळे जिल्ह्यात. मी औषधे लिहून दिली, आहार समजावून सांगितला. दोन भेटींत वजन वाढले नाही. तिसऱ्या भेटीत मी प्रथमच विचारले, “घरात धान्य कुठून येते?”

“कार्ड गावाला, सासूबाईंच्या नावावर. धान्य तिथंच मिळतं, म्हणून मोठी दोघं तिथंच ठेवली. इथं सगळं विकत.”

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. पुढील महिन्यात ती मुलीला घेऊन गावी गेली. पती येथेच राहिला. ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही.

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. परंतु तेव्हा तो गावच्या दुकानाशी बांधलेला होता. रोजगार सुरतेत आणि धान्य खानदेशात, अशा स्थितीत कुटुंबच दुभंगे.

धोरणाने घर मोडल्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मातेचे एखाद्या पुरुषाशी संबंध असल्याचे आढळले, की तिच्या मुलांचे सरकारी साहाय्य बंद होई. याची झळ प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबांना बसली. चार मुलांच्या एका कृष्णवर्णीय विधवेने दाद मागितली आणि १९६८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. दोष मात्र बहुधा गरिबांच्या वर्तनालाच दिला जातो. “ही माणसे मुलांना गावी टाकून येतात,” असे आपणही सहज म्हणून जातो.

ऑगस्ट २०१९ पासून गुजरात व महाराष्ट्र यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय झाली. आता काही धान्य सुरतेत व उरलेले गावी घेता येते. त्यासाठी आधार जोडलेले हवे. आणि बाळाचे नाव पत्रिकेवर नसेल, तर त्याचा वाटा मिळत नाही.

म्हणून सहव्यवसायी बंधुभगिनींना विनंती, की केसपेपरवर लसीकरणाच्या नोंदीखाली आणखी तीन नोंदी कराव्यात : शिधापत्रिका कुठली आहे, बाळाचे नाव तीवर आहे काय, आणि जवळच्या अंगणवाडीत बाळाची नोंद झाली आहे काय. समाजबांधवांनीही गावाकडील नावनोंदणीस हातभार लावावा. औषधाने न वाढणारे वजन कित्येकदा या तीन उत्तरांनी वाढेल.