खांद्यात सुई घेण्याआधी

अर्धा दिवस औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीत आणि उरलेला संत्र्याच्या बगीच्यात, असे जगणारे आम्ही पांढुर्णा जिल्ह्यातल्या बोरगावात कितीतरी जण आहोत. 16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन झाडाझाडाखाली फिरले की पट्टा मान आणि खांद्याच्या मधल्या जाड स्नायूत रुततो. माझी गाठ नेमकी तिथेच होती. दाबली की कळ मानेतून थेट कानशिलात जायची. बाम झाला, शेक झाला, गोळ्या झाल्या, तरी फरक नाही. मग कुणीतरी ड्राय नीडलिंगचे, म्हणजे औषधाविना नुसती सुई गाठीत घालण्याचे, सांगितले.

उपचार खोटा नाही, हे आधी सांगतो. स्नायूचा एखादा पट्टा आखडून सुतळीसारखा ताठ होतो आणि त्यातल्या सर्वांत दुखऱ्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर राहिलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत 1983 मध्ये या दुखण्यावर मोठा ग्रंथ काढला. कोणत्या स्नायूतली गाठ कुठे कळ पाठवते, याची चित्रे त्यात आहेत. त्याआधी, 1979 साली, चेकोस्लोव्हाकियातल्या कारेल लेविट यांनी निरीक्षण मांडले की इंजेक्शनमध्ये औषध नसले तरी नुसत्या सुईनेही आराम पडतो. 312 दुखऱ्या जागांपैकी जवळपास 87 टक्के ठिकाणी त्यांना लगेच फरक दिसला. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यात नव्हता. नंतरच्या अभ्यासांतही फायदा दिसतो तो मुख्यतः थोड्या काळाचा. एका सुईत दुखणे मुळापासून जाईल असे कुणी सांगत असेल, तर तिथून उठावे.

मी गेलो तिथे भिंतीवर कोर्सचे प्रमाणपत्र होते, पदवी कशाची ते कुठे दिसले नाही. मला पालथे झोपवले. सुई गाठीवर उभी धरली आणि सरळ खाली घातली. स्नायू आतल्या आत फडकला. ते चांगले लक्षण मानतात. दुसऱ्यांदा सुई आणखी खोल गेली आणि छातीत बारीक चमक आली. तसे बोललो, तर होते असे, म्हणाले.

संध्याकाळी श्वास पूर्ण भरेना. जिना चढताना दम लागला, कोरडा खोकला सुरू झाला, आडवे पडले की बरगडीत टोचायचे. फोन केला. उत्तर आले की सुईनंतर दोन दिवस दुखतेच. पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला, तरी जास्त झाले की आमच्याकडे गाडीचे तोंड नागपूरकडेच वळते. तिथे एक्स-रे काढला. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली होती. बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले. खोकलो की बाटलीत बुडबुडे यायचे. ते थांबल्यावरच नळी निघाली.

असे होते कारण फुप्फुसाचा शेंडा गळपट्टीच्या हाडाच्याही वर, मानेच्या मुळापर्यंत येतो. पुढे मला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुई न लावता नुसते हाताने दाखवले. त्यांनी माझ्या खांद्याचा स्नायू चिमटीत धरून वर उचलला आणि म्हणाल्या, सुई या दोन बोटांच्या मधे राहिली पाहिजे, छातीच्या दिशेने कधीच नाही. खांद्यावर सुई घेणार असाल, तर ती चिमूट दिसते का ते पाहा. वरच्या पाठीत, फऱ्याभोवती, छातीवर धोका तोच. अमेरिकेचा स्कीपटू टॉरिन येटर-वॉलेस याचे फुप्फुसही 2013 साली याच उपचारात पंक्चर झाले होते, तेही ऑलिंपिक तोंडावर असताना. खेळाडूंच्या दिमतीला तिथे काय कमी असते? तरीही झाले.

विचारायला लाजू नका. शिक्षण कोणते, असे किती रुग्ण केले, सुई नवीन आहे का? पाकीट आपल्या समोर फोडायला लावा. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊला 2018 साली एकच सिरिंज वापरल्याच्या संशयातून एचआयव्हीचे कितीतरी रुग्ण निघाले, ते विसरण्यासारखे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर आधी आपणच सांगा. समोरचा विचारेलच असे नाही.

माझा खांदा आज चालतो तो रोजच्या ताणाच्या व्यायामाने आणि पंपाच्या पट्ट्याला रुंद गादी शिवून घेतल्याने. पंप अर्धाच भरतो, खेप वाढते, वाढू देतो.

आणि हे घरातल्यांनाही सांगून ठेवा. सुईचे साधे दुखणे त्याच जागी असते, हात लावला किंवा हलवला की जाणवते, एक-दोन दिवसांत उतरते. दुखणे श्वासासोबत येत असेल, दम लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. काही तासांनी सुरू झाले तरीही नाही. 108 लावा, दवाखान्यात पोहोचा आणि पहिले वाक्य हेच बोला : खांद्यात सुई घेतली आहे, छातीचा एक्स-रे काढा.