जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते?

हंगामात उसाचा ट्रॅक्टर रात्रभर रांगेत उभा असतो. इंजिन बंद, पण दिवे आणि टेप चालू! पहाटे नंबर लागला की सेल्फ नुसता कुरकुरतो. मग ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी बसवायची आणि महिन्याभरात तीही बसायची. पुष्कळदा दुखणे बॅटरीत नसतेच, चार्जिंगमध्ये असते. शिवाय वाटेत ट्रॉलीचा मागचा दिवा मंदावला, तर अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही. तेव्हा ही बाब नुसत्या खर्चाची नव्हे.

आम्ही सांगतो, आधी मीटर लावा. रात्रभर विसावलेली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. इंजिन चालू करून मध्यम रेस द्या. 13.8 ते 14.4 आले तर चार्जिंग ठीक. आकडा वर चढलाच नाही तर चार्जिंग नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. अशा बॅटरीतले पाणी सारखे आटते.

चार्जिंग नसेल तर लगेच अल्टरनेटर खोलू नका. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघा, अर्ध्या इंचापेक्षा फार दबत असेल तर तो घसरतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर घासून आवळा. निम्मे रोग इथेच बरे होतात, असा आमचा अनुभव.

आता डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा. चावी फिरवली की तो लागला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी देऊनही लागत नसेल तर बल्ब बघा. पुष्कळ अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. म्हणजे किरकोळ किमतीच्या बल्बापायी अख्खा अल्टरनेटर गप्प बसतो!

काही ड्रायव्हर चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘इंजिन चालतंय, म्हणजे चार्जिंग आहे’ म्हणतात. अहो, जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचूनही चालते! उलट या खेळात अल्टरनेटरचे डायोड मात्र जळतात. ट्रॅक्टर डायनामोचा असेल तर कार्बन ब्रश झिजलेत का आणि कटआऊटचे पॉइंट काळे पडलेत का, हे वायरमनकडून बघून घ्यावे.

आणि बॅटरीची बुचे उघडताना विडी दूर ठेवा. आतला वायू पेट घेतो.