दोन एमआरआय एकमेकांवर जुळवताना

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मेंदूत गाठ आहे. कोल्हापुरात वर्षभराच्या अंतराने दोन एमआरआय झाले. दुसऱ्या वेळी डोकं जरा कललेलं होतं, पण ‘संगणकावर जुळवून पाहिलंय’ असं डॉक्टर म्हणाले. या जुळवणीत गाठीचा आकार बदलत तर नाही ना?
– एक वाचक, पन्हाळा

उत्तर : एकाच रुग्णाचे दोन स्कॅन जुळवताना बहुधा चित्र फक्त फिरवतात आणि सरकवतात, ताणत नाहीत. त्यामुळे गाठीचा आकार बदलत नाही.

ताणण्याची गरज पडते ती वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूंची तुलना करताना. जुन्या पद्धतीत संगणक प्रत्येक जोडीचं गणित नव्याने मांडतो. त्याला कधी दोन तासही लागतात. डीप लर्निंग या नव्या पद्धतीत संगणकाचा हजारो स्कॅनवर आधीच सराव झालेला असतो. अमेरिकेतील एमआयटीत विकसित झालेली, 2018 मध्ये मांडलेली ‘व्हॉक्सेलमॉर्फ’ ही पद्धत ग्राफिक्स प्रोसेसरवर हेच काम सेकंदाच्या आत करते.

मात्र अशा तुलनेत ज्याच्याशी बाकीचे मेंदू जुळवतात तो नमुना-मेंदू कोणाचा, हेही पाहावं लागतं. फार वापरला जाणारा नमुना कॅनडातील माँट्रियलमध्ये 152 जणांच्या स्कॅनवरून बनला. भारतीय मेंदू सरासरीने त्याहून लहान असल्याचं हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या संशोधकांना 100 तरुणांच्या स्कॅनवरून भारतीय नमुना बनवताना आढळलं.

गाठ असलेल्या मेंदूवर ताणणारी पद्धत चुकू शकते, कारण निरोगी मेंदूत त्या गाठीला जोडच नसतो. म्हणून अंतिम निष्कर्ष रेडिओलॉजिस्टचाच माना. पुढच्या तपासणीला जाताना केवळ फिल्म नको, दोन्ही स्कॅनच्या सीडी सोबत न्या.